मांजराकडून माणसाला होणारे आजार: खरा धोका कुठे असतो आणि तो कसा अडवायचा

घरात मांजर आलं की सल्ले सुरू होतात. केस पोटात जातील, बाळाला दमा होईल, घरात कोणी गरोदर असेल तर मांजर आधी बाहेर काढा. आणि त्याच घरात मांजर बोटाला कडकडून चावलं, तर रक्त पुसून ‘आपलंच तर मांजर आहे’ म्हणत विषय संपतो. भीती जिथे हवी तिथे नाही आणि नको तिथे भरपूर, ही अवस्था मला फार घातक वाटते. तिच्यापायी निरोगी मांजरं घराबाहेर जातात आणि माणसं हाताची बोटं, क्वचित जीवही गमावतात.

मांजराकडून माणसाकडे आजार यायच्या वाटा मोजक्या आहेत: दात, नखं, विष्ठा, कातडी आणि पिसवा. प्रत्येक वाट कशी अडवायची हे एकदा कळलं की आजारांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही.

पायरी १: नवीन मांजर आल्यावरचे पहिले दोन आठवडे

रस्त्यावरून उचललेलं असो की कोणी दिलेलं असो, नवीन मांजर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचा शीचा ट्रे, वाट्या, अंथरूण सगळं वेगळं. घरात आधीची मांजरं असतील तर हे न चुकता करा. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा आजार लहान पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवू शकतो आणि त्याचा विषाणू जमिनीवर, कपड्यांवर, चपलांवर वर्षभरही टिकू शकतो. माणसाला तो होत नाही, पण माणूस त्याला चपलेवरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतो.

याच काळात पशुवैद्याकडे एक चक्कर मारा. वजन, कान, दात, त्वचा, विष्ठेची तपासणी, जंतनाशक आणि लसींचं वेळापत्रक एवढं त्या भेटीत उरकतं. पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांची सर्दी घडवणारे हर्पिस व कॅलिसी या तीन विषाणूंवरची एकत्रित लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा दिली जाते. मध्येच थांबू नका. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ते कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून तर इतके डोस. रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर, मग वर्षाने बूस्टर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. मांजर घराबाहेर पडत नसलं तरी रेबीजची लस द्याच.

पायरी २: आठवड्यातून एकदा अंगावरून हात फिरवणं

मांजर आजार लपवतं. दुखतं आहे हे ते ओरडून सांगत नाही, फक्त थोडं कमी खातं, थोडं जास्त झोपतं. म्हणून आठवड्यातून एकदा ते सुस्तावलेलं असताना पाच-दहा मिनिटं द्या. कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली तर कानातले किडे असू शकतात. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या किंवा पिवळट दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना. गाढ झोपेत असताना श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत असायला हवा. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं किंवा वळवळताना दिसलं तर तो पट्टकृमीचा तुकडा, म्हणजे पोटात जंत आहेत आणि बहुधा अंगावर पिसवाही आहेत. हा जंत बहुतेकदा मांजर अंग चाटताना पिसू गिळल्याने होतो. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही होऊ शकतो.

पिसवा आहेत का हे डोळ्यांनी बघून ठरवू नका. चाटून चाटून मांजर त्या साफ करतं, एकही हाताला लागत नाही आणि आपण निश्चिंत होतो. पांढरा टिश्यू पेपर ओला करून टेबलावर पसरा. मांजराच्या शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर बारीक दातांची फणी फिरवा, फणीत आलेले काळे कण त्या कागदावर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी माती असेल तर काळीच राहते. कणाभोवती तांबूस तपकिरी वलय पसरू लागलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. हे तांबूस वलय का महत्त्वाचं, ते पुढच्या पायरीत येतंच.

पायरी ३: चावा आणि ओरखडा

माझ्या मते या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा सावकाश.

कुत्र्याचा चावा फाटतो आणि भयंकर दिसतो. मांजराचा चावा दिसतो दोन टिंबांएवढा. पण मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात, ते इंजेक्शनच्या सुईसारखे खोल शिरतात आणि तोंडातले जिवाणू थेट स्नायुबंधाच्या आवरणात किंवा सांध्यात सोडतात. वरचं भोक काही तासांत मिटतं आणि जिवाणू आत कोंडले जातात. यातला मुख्य म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा, जो बहुसंख्य निरोगी मांजरांच्या तोंडात असतोच. मांजर कितीही स्वच्छ असलं तरी. दवाखान्यात येणाऱ्या मांजराच्या चाव्यांपैकी साधारण तीस ते पन्नास टक्के चिघळतात. हातावरचा चावा रात्री झाला तर सकाळपर्यंत बोट लाल, गरम, सुजलेलं आणि वाकवताना ठणकणारं होऊ शकतं. असं झालं की दुसरा दिवस बघायचा नाही. सांध्यात किंवा स्नायुबंधात पू झाला तर शस्त्रक्रियेची वेळ येते आणि बोट कायमचं ताठर राहू शकतं.

चावा बसल्याबरोबर काय करायचं ते सांगते. नळ सुरू करून जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि भरपूर साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुतलं की ही पंधरा मिनिटं दोनावर येतात. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो, त्यामुळे हा साबण-पाण्याचा भाग म्हणजे नुसती स्वच्छता नसून उपचाराची सुरुवात आहे. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. जखमेत पूड, तेल, लेप काही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हात, चेहरा किंवा सांध्याजवळचा चावा असेल तर सूज यायची वाटही न पाहता. तिथे तीन गोष्टी विचारा: प्रतिजैविक लागेल का, धनुर्वाताची सुई पुन्हा घ्यायची का, आणि रेबीजच्या लसीचं काय.

रेबीजबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले ९९ टक्के मृत्यू कुत्र्यांमुळे होतात, पण मांजरालाही रेबीज होतो आणि मांजराकडून माणसालाही. लक्षणं सुरू झाल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. त्याआधी वेळेत लस मिळाली तर तो टळतो. शाबूत त्वचेवर मांजराने चाटलं तर काही करावं लागत नाही. रक्त न येता ओरखडलं किंवा कपड्याबाहेरच्या कातडीला नुसते दात लागले तर जखम धुणं आणि लस. दात किंवा नखं कातडीच्या आरपार गेली, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात वा उघड्या जखमेत गेली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) लागतं आणि ते जखमेतच टोचतात. ते टाळू नका, कारण लशीची प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस तेच राखण करतं.

‘दहा दिवस मांजरावर लक्ष ठेवा’ हे अनेकांनी ऐकलेलं असतं, पण अर्धंच. ते कशासाठी ते बघा. रेबीज झालेल्या मांजराच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या थोडेच दिवस आधी येतो. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस मांजर ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं आणि उरलेले डोस थांबवायचे का हे डॉक्टर ठरवतात. लस मात्र पहिल्या दिवशीच सुरू करायची, दहा दिवस वाट बघून नाही. चावणारं मांजर अनोळखी असेल, पळून गेलं असेल, एकाएकी अंगावर धावून येत असेल, लाळ गाळत असेल, आवाज बदललेला असेल किंवा झोकांड्या खात असेल, तर पूर्ण उपचार घ्यायचे.

आता ओरखडा. मांजराच्या ओरखड्याने येणाऱ्या तापामागे बार्टोनेला हेन्सेले हा जिवाणू असतो. १९५० साली पॅरिसच्या डॉ. रॉबर्ट देब्रे यांनी या आजाराचं वर्णन केलं, पण जिवाणूची ओळख पटायला १९९० चं दशक उजाडलं. गोम अशी की हा जिवाणू मुळात नखात नसतो. पिसवा तो एका मांजरातून दुसऱ्यात नेतात, त्यांच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो, खाजवताना ती विष्ठा नखाखाली जाते आणि ओरखड्यातून आपल्या अंगात येते. टिश्यू पेपरवरचं ते तांबूस वलय म्हणजे या आजाराचा कच्चा माल. एक वर्षाच्या आतल्या पिल्लांकडून हा धोका जास्त, कारण त्यांच्या रक्तात जिवाणू अधिक सापडतो आणि खेळताना ती ओरबाडतातही जास्त.

ओरखड्याच्या जागी काही दिवसांनी पुटकुळी येते आणि एक ते तीन आठवड्यांनी त्या बाजूच्या काखेत, मानेत किंवा जांघेत गाठ सुजते, कणकण येते. बहुतेकांमध्ये हे आपोआप बरं होतं, पण गाठ महिना-दोन महिने राहू शकते. काखेतली अशी गाठ बघून घरात कॅन्सरपर्यंतच्या शंका निघतात. अशा वेळी डॉक्टरांना ‘घरात मांजराचं पिल्लू आहे’ हे एक वाक्य सांगितलं तर निम्मा गोंधळ वाचतो.

ओरखडे कमी करायचे तर हाताच्या बोटांनी पिल्लाशी कुस्ती खेळणं बंद करा, काठीला बांधलेलं खेळणं वापरा आणि दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापा. नखं मुळापासून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया कधीच करू नका. त्यात बोटाचं शेवटचं पेर कापलं जातं.

पायरी ४: शीचा ट्रे आणि टॉक्सोप्लाझ्माची भीती

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा परजीवी १९०८ साली ट्यूनिसमध्ये गुंडी नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडला. मांजराच्या विष्ठेतून त्याची अंड्यासारखी रूपं बाहेर पडतात हे सिद्ध व्हायला १९७० साल उजाडलं. तेव्हापासून गरोदर बाईला मांजरापासून तोडण्याचं कारण म्हणून हे नाव पुढे केलं जातं.

वस्तुस्थिती काय? मांजराला हा संसर्ग कच्चं मांस, उंदीर किंवा पक्षी खाल्ल्याने होतो. पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर ते साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून परजीवी सोडतं, आणि बहुतेक मांजरं आयुष्यात एवढ्याच काळापुरती. शिवाय ताजी विष्ठा संसर्ग देत नाही. त्यातल्या परजीवीला माणसाला बाधण्याइतकं तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला तर ही वाट जवळजवळ बंदच. माणसांना टॉक्सोप्लाझ्मा होतो तो बहुतेकदा अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाज्यांतून आणि मातीकाम करून तोंडाला लावलेल्या हातांतून. मांजराला कुरवाळण्याने तो होत नाही.

गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर मात्र बाळाला गंभीर इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. त्यामुळे काळजी घ्यायचीच, फक्त योग्य जागी. ट्रे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रोज साफ करावा. दुसरं कोणी नसेल तर हातमोजे घालून आणि नंतर साबणाने हात धुऊन स्वतः केला तरी चालतं. मांजराला कच्चं मांस देऊ नये, त्याला शिकारीला बाहेर सोडू नये, आणि त्या काही महिन्यांत नवीन पिल्लू आणू नये. कुंड्यांचं काम हातमोजे घालूनच करावं. मांस पूर्ण शिजवावं, भाज्या धुवाव्यात. डॉक्टरांना विचारून रक्ताची प्रतिपिंडांची तपासणी करता येते. गरोदरपणाच्या आधीच संसर्ग होऊन गेलेला असेल तर बाळाला सहसा धोका राहत नाही. एवढं सगळं केल्यावर मांजर घरातून काढायचं काहीच कारण उरत नाही, आणि हे मी ठामपणे सांगते.

ट्रे साफ करायची पद्धत: रोज एकदा तरी गोळे काढा, पिशवीत बांधून टाका. धूळ उडेल असं झटकू नका. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून उकळतं पाणी ओता, पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि मग साबणाने घासा. टॉक्सोप्लाझ्मावर ब्लीच चालत नाही, कढत पाणी चालतं. फिनाइल मात्र मांजराच्या आसपास कुठेच नको. फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. फरशीवरून चाललेले पाय ते चाटतं आणि विष पोटात जातं.

रोजच्या सफाईने गोलकृमीचीही सोय होते. त्यांची अंडी संसर्गजन्य व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. पिल्लांना आईच्या दुधातूनच हे जंत येतात, त्यामुळे तीन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी जंतनाशक सुरू करतात. मोठ्या मांजराला साधारण तीन महिन्यांतून एकदा. मुलं खेळतात ती वाळू रात्री झाकून ठेवा, मांजरांना ती आयता ट्रे वाटते.

पायरी ५: गजकर्ण

पिल्लू आणल्यावर दोन-तीन आठवड्यांनी घरातल्या मुलाच्या हातावर, मानेवर गोल, कडेला उठावदार, खाजणारा चट्टा आला की गजकर्णाची शंका घ्या. मांजरांत ते बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतं. पिल्लाच्या कानांवर, नाकाजवळ, पंजांवर केस गेलेले खवलेदार ठिपके दिसतात; लांब केसांच्या मांजरात काहीच दिसत नाही आणि तरी ते बुरशी पसरवत असतं.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे स्टिरॉइड मिसळलेलं मलम. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिकटतो आणि खाली बुरशी मोकळी पसरते. मलम डॉक्टरांना विचारूनच घ्या. माणूस आणि मांजर यांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत, आणि घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांचीही तपासणी. मांजराला पोटातून औषध आणि अंगाला औषधी द्रावण असं दोन्ही लागतं, तेही काही आठवडे. केस परत आले म्हणून थांबू नका. तपासणीत बुरशी नाही असं आलं की थांबा.

बुरशीचे कण गळलेल्या केसांवर वर्षभरही जिवंत राहू शकतात. म्हणून त्या काळात मांजराला पुसायला सोप्या खोलीत ठेवा, केस रोज गोळा करा, अंथरुणं दोनदा धुवा, फरशी आधी साबणाने आणि मग पातळ ब्लीचने पुसून मांजर आत सोडण्याआधी पूर्ण वाळवा. पण पिल्लाला एकटं टाकू नका. माणसाळण्याचं वय निघून गेलं की ते परत येत नाही. फुल हातांचा सदरा घालून रोज त्याच्याशी खेळा.

पायरी ६: पिसवांचा बंदोबस्त

मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण संख्येचा अगदी छोटा भाग. अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, फटींत, अंथरुणात असतात. कोष महिनोन्महिने तग धरतात, म्हणून एका औषधाने काम होत नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी औषध, किमान तीन महिने सलग, आणि जोडीला व्हॅक्यूम व गरम पाण्यात अंथरुणं धुणं.

एक सूचना ठळकपणे: कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला झटके आणतं आणि मारू शकतं. कुत्र्याला ते लावलं असेल तर सुकेपर्यंत मांजर त्याच्या जवळ झोपू देऊ नका.

पायरी ७: आपल्याकडून मांजराकडे

वाट दोन्ही बाजूंनी चालते. फ्लू, कोविड, गजकर्ण माणसाकडून मांजराला होतं. घरात कोणी तापाने पडलं असेल तर त्याने मांजराला तोंडाजवळ घेऊ नये. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू २०२३ साली पोलंडमध्ये आणि २०२४ साली अमेरिकेतल्या दुग्धशाळांवर मांजरांमध्ये आढळला. कच्चं कोंबडीचं मांस आणि न तापवलेलं दूध मांजराला न देण्याला हे आणखी एक कारण.

मोठी इजा मात्र आपल्या औषधांच्या डब्यातूनही होते. तापासाठी पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते, कारण ते पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. मांजराचं नेहमीचं तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. अंगाला हात लावून ‘ताप आहे’ ठरवू नका. लिलीची फुलंही घरात नकोत, त्यांचे परागकण चाटूनही मूत्रपिंडं निकामी होतात.

पायरी ८: कधी सगळं सोडून धावायचं

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही: मूत्रमार्ग अडला आहे, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अनेकांना ती बद्धकोष्ठता वाटते आणि वेळ जातो. तोंड उघडून श्वास घेणं. पूर्ण एक दिवस काहीही न खाणं, त्यातही मांजर लठ्ठ असेल तर, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. मागचे पाय अचानक लुळे आणि थंड पडणं. यातलं काहीही मांजराकडून माणसाला लागत नाही, पण मांजर वाचायचं तर रात्रीचाही दवाखाना शोधावा लागतो.

आणि कशाची भीती नको? मांजरांचा एड्स म्हणतात तो एफआयव्ही, रक्ताचा कर्करोग घडवणारा ल्युकेमिया विषाणू, एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार), हर्पिस-कॅलिसीची मांजरांची सर्दी: यातलं काहीही माणसाला होत नाही. मांजराची ॲलर्जी खरी असते, पण ती केसांची नसते. लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांची असते, आणि तिच्यासाठी छातीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीबाधित आणि प्लीहा काढलेले लोक यांच्यासाठी नियम थोडे कडक आहेत. त्यांनी पिल्लापेक्षा वर्षावरचं, घरातच राहणारं, पिसवामुक्त मांजर पाळावं, जखमा चाटू देऊ नयेत आणि लहानशा चाव्यालाही त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात असं कोणी असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर ते पशुवैद्याला पहिल्याच भेटीत सांगा. जंतनाशकाचं वेळापत्रक आणि विष्ठेच्या तपासण्या ते त्याप्रमाणे बदलतात.